जळक्या मिस्त्रीची सून

आमच्या गावात मोटर जळाली की लोक आधी लाइटीला शिव्या देतात, मग नशिबाला, आणि मग मोटर गाडीत घालून बंदेनवाज मिस्त्रींच्या दुकानी येतात. दुकान माझ्या घराला भिंत लावून आहे, त्यामुळे या शिव्या मला क्रमवार पाठ आहेत. करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी वसलेलं हे गाव. ऊस आणि केळी, म्हणजे सगळा जीव मोटरींवर. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं. मग मोटर पाण्याच्या मागं मागं सरकवायची, पाइपाला पाइप जोडत न्यायचे. त्यात लाइटीचा दाब कमी होतो आणि मोटरी धडाधड जळतात. जळालेली तार काढून नवी तांब्याची तार मोटरीच्या खाचांत बसवायची, याला आमच्याकडं ‘मोटर भरणं’ म्हणतात. बंदेनवाज मिस्त्रींनी चाळीस वर्षं तेच केलं.

त्यांच्या हाताला गुण आहे, असं पंचक्रोशीत सगळे मानतात. म्हणजे इतकं मानतात की मोटर दुसऱ्यानं भरली असली तरी पहिल्यांदा चालू करताना बंदेनवाजचाचांचा हात लागावा म्हणून माणसं त्यांना गाडीवर बसवून शेतात नेतात. मी मराठीचा मास्तर, तीस वर्षं हायस्कूलात घालवलेली. हातगुण वगैरे मला पटत नाही, असं मी वर्गात सांगायचो. आणि घरचा मिक्सर बिघडला की बंदेनवाजच्याच दारात जायचो.

पण हे त्यांच्याविषयी नाही. हे त्यांच्या सुनेविषयी, अनिसाविषयी आहे.

अनिसा सोलापूर शहरातली. आई विड्या वळायची, तिच्याशेजारी बसून हीसुद्धा वळायची. त्यामुळे बोटं अशी की बोलत राहील, पोरीचा अभ्यास घेत राहील आणि हात आपलं काम करत राहतील. नवरा आसिफ सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, सुट्टीला तेवढा घरी. सासू कमरबी वारल्यावर दुकानात म्हाताऱ्याला मदतीला कुणी नव्हतं, म्हणून अनिसा आधी चहा घेऊन जायची, मग उभी राहू लागली, मग बसली. जळालेली तार ती काढायची. खाचांत घालायचे कागद तीच कापायची. साच्यावर तारेची भेंडोळी तीच गुंडाळायची, आणि वेढे मोजताना तिची कधी चूक झालेली मी ऐकली नाही. अकरा वर्षं हे चाललं होतं. फक्त तार खाचेत बसवणं आणि शेवटचे जोड देणं हे दोन्ही चाचांचं. तिथं ती हात लावायची नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला साखरेच्या आजारानं चाचांचे डोळे घेतले. उजेड कळायचा, माणूस अंदाजानं ओळखायचे, पण तार दिसेना.

“आता तूच भर की,” ते सुनेला म्हणायचे.

“नक्को अब्बा. तुमच्या हाताला गुण हाय. मी भरली आन् जळली तर?”

हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचो आणि चिडायचो. अकरा वर्षं एखाद्याला रोज यशस्वी होताना बघायचं, आणि त्यातून शिकायचं काय, तर हे आपलं काम नव्हे. पण बिचारीनं दुसरं बघितलं काय होतं? तिच्या डोळ्यांदेखत चाचांची भरलेली मोटर कधी परत उघडावी लागलीच नव्हती. एकदोनदा जळून आली तेव्हा चाचांनी “लाइटीचा दोष” म्हणून मोटरीवर पोतं टाकलं आणि सुनेला घरात पाठवून गुपचूप परत भरली. एवढ्या मोठ्या मिस्त्रीलाही आपली जळालेली मोटर कुणी बघू नये असं वाटायचं.

आसिफनं मधला मार्ग काढला. चिंचोळीजवळ एक खोली ठरवली. मे महिनाअखेर दुकानाला कुलूप लावायचं, म्हाताऱ्याला घेऊन तिकडं जायचं, समराला, म्हणजे पोरीला, तिकडच्या शाळेत घालायचं, आणि अनिसानं कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालायच्या. त्याचं चुकत नव्हतं. पण ज्या म्हाताऱ्याला डोळे मिटूनही या गावातला प्रत्येक दगड ठाऊक, तो चिंचोळीत एका खोलीत काय करणार होता? चाचा मात्र दुकानातल्या हत्यारांवरून दिवसभर हात फिरवत बसायचे. मला ते बघवत नसे.

शेवटी मेच्या पहिल्या आठवड्यात आबासाहेबांची मोटर आली. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे केळीवाले; माणूस फणसासारखा, वरून काटेरी आणि आतून, मला वाटतं, थोडा काटेरीच. करमाळ्यात सगळीकडं आठ-आठ दिवसांची रांग, म्हणून त्यांनी मोटर इथं टाकली; भरायला दुसरं कुणी नव्हतं, अनिसाला नाही म्हणता आलं नाही. चाचा शेजारी बसले, बोटांनी चाचपत सांगत गेले, आणि अनिसानं आयुष्यातली पहिली मोटर भरली. चार दिवस लागले. पाण्याकाठी नेऊन चालू केली, धार पडली, सगळे घरी आले.

दोन तासांनी धूर निघाला.

आबासाहेब मोटर परत घेऊन आले तेव्हा मी मुद्दाम अंगणात उभा होतो. वाटलं, हे आता आरडाओरडा करतील, तर आपण मध्ये पडू. ते ओरडले नाहीत. मोटर उतरवली, अनिसाकडं बघितलंही नाही, आणि एवढंच म्हणाले, “चाचा, तुमचा हात लागला न्हवता व्हय हिला?”

ओरडले असते तर बरं झालं असतं. चाचांनी मोटर उघडून चाचपली. तार दाबून बसवताना तिच्यावरचा पातळ लेप एका जागी खरवडला होता, तिथून सगळं जळत गेलं होतं. नवशिक्याची नेहमीची चूक. चाचांनी तसं सांगितलंही. पण अनिसानं हत्यारं पुसली, डब्यात ठेवली आणि आसिफला फोन करून सांगितलं की खोलीवाल्याला हो म्हणा.

आता मास्तर गप्प बसेल तर तो मास्तर कसला. दुसऱ्या दिवशी मी माझा मोबाइल घेऊन गेलो. कुठल्याशा एका बाईंचा व्हिडिओ होता. अशाच खेड्यातून निघाल्या, मोठा कारखाना काढला, मागं झेंडे, समोर टाळ्या. अनिसानं तो शेवटपर्यंत बघितला. मोबाइल ओढणीच्या टोकानं पुसून मला परत दिला.

“त्या बाया येगळ्या असत्यात, गुरुजी.”

मी घरी येऊन बसलो आणि मला माझ्या शाळेतली भिंत आठवली. ‘यशवंत भिंत’ असं नाव मीच दिलं होतं. बोर्डात आलेली मुलं, अधिकारी झालेली मुलं, सगळ्यांचे फोटो मीच चिकटवायचो आणि मागच्या बाकावरच्या पोरांना तिथं उभं करून विचारायचो, “हे करू शकतात तर तुम्ही का नाही?” पोरं खाली बघायची. मला वाटायचं लाजतात. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला अनिसाच्या त्या एका वाक्यानं, निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी कळलं. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी मी हे सगळं चाचांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “गुरुजी, रविवारी तुमची गाडी मोकळी हाय का?”

“आहे की. कुठं जायचंय?”

त्यांनी एका गावाचं नाव घेतलं. पाण्याच्या पलीकडच्या अंगाला, वळसा घालून गेलं तर तास-सव्वा तासाच्या वाटेवर. मी ते नाव लिहीत नाही, कारण चाचांना त्या गावानं आधीच पुरेसं छळलेलं आहे. मला नवल एवढ्याचंच वाटलं की चाळीस वर्षांत आजूबाजूच्या सगळ्या गावांत मोटरी भरलेला हा माणूस त्या गावात कधी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

रविवारी निघालो. चाचा पुढं, अनिसा आणि समरा मागं. अनिसाला वाटलं, जाण्याआधी कुणाचा तरी निरोप घ्यायचाय. चाचांनी धुवट पांढरा शर्ट घातला होता. वाटभर त्यांचा हात सारखा गुडघा चोळत होता.

गावात शिरून पारापाशी गाडी थांबवली. पारावर चार म्हातारे. चाचा खाली उतरले, काठी टेकली, आणि एक म्हातारा डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. मग हसू लागला.

“आरं, जळका मिस्त्री आला की.”

बाकीचे तिघंही हसले. समरा आईकडं बघायला लागली. अनिसाचा चेहरा उतरला. तिच्या अब्बांना असं कुणी बोललेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मीही पुढं झालो होतो, पण चाचांनी माझा दंड धरला.

“तात्याबा हायती का ह्यात?” त्यांनी विचारलं.

पहिला बोललेला तोच तात्याबा होता. वय अठ्ठ्याहत्तर, दात दोन, आवाज खणखणीत. चाचा त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, “तात्याबा, ही माझी सून. हिला माझ्या पयल्या मोटरीचं सांगा. सगळं सांगा. काय झाकू नका.”

तात्याबाला हेच हवं होतं. गोष्ट त्यानं गावात हजारदा सांगितली असणार. धरण नुकतं झालं होतं, पाणी नवं, मोटर नवी. बावीस वर्षांचा बंदेनवाज सोलापुरातून सहा महिने शिकून आला होता आणि तात्याबाची मोटर ही त्यानं स्वतः भरलेली पहिली.

“ह्यानं भरली, चालू केली, मी आपला उसाला पानी द्याया, दारं धरायला ग्येलो. आर्ध्या तासात धूर. म्हनलं, आसंल. परत भरली. त्या टायमाला दिसभर चालली, सांजच्याला जळली. तवर माजा ऊस माना टाकाया लागला हुता. तिसऱ्यांदा भरली. आठ दिस चालली. आठव्या दिशी मी न्ह्यारी करत हुतो, तर बाईल वरडत आली, जळली म्हनून. आन् हा,” तात्याबानं काठीनं चाचांकडं दाखवलं, “हा त्या लिंबाखाली बसून रडला. मिशी फुटल्याला गडी, पर येवडं रडला की माज्या आयनं ह्याला भाकरी वाढली. त्या दिसापास्नं जळका मिस्त्री.”

चाचा खाली मान घालून ऐकत होते. कान लाल झाले होते. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण त्या पारावर तो बावीसचाच बसला होता.

अनिसानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मग चौथ्यांदा कशी दिली तुमी?”

“दुसरं कोन हुतं का हितं?” तात्याबा म्हणाला. मग तिच्याकडं वळून बोलला, “आन् आसं बग पोरी. पयली आर्धा तास. दुसरी दिसभर. तिसरी आठ दिस. म्या मनात म्हनलं, ह्यो गडी जाळतोय खरा, पर लांब लांब जाळतोय. म्हनून दिली.”

“आन् चौथी?”

“चौथी वीस वरसं चालली. पर ते कोन सांगतंय लोकास्नी? हसाया जळक्या मोटरीच बऱ्या.”

परतीच्या वाटेवर अनिसानं मागून विचारलं, “अब्बा, हे आधी का नाही सांगितलं?”

“शरम वाटत हुती,” चाचा म्हणाले. “लोक हातगुण म्हनत्यात. ते ऐकाया बरं वाटतं. मला वाटलं, तूबी तेच ऐकून शिकशील.”

त्या माणसानं चाळीस वर्षं जपलेली इज्जत एका सकाळी पारावर नेऊन ठेवली होती. मी तीस वर्षं मास्तरकी करून एकाही पोराला माझी दहावीची गणिताची पहिली मार्कशीट दाखवली नाही. नापास झालो होतो. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून तार गुंडाळण्याचा आवाज आला.

आबासाहेबांची मोटर तिथंच पडून होती. ते चुलतभावाच्या मोटरीवर पाणी घेत होते आणि दिवसातून दोनदा येऊन तोंड वाकडं करून जात होते. अनिसानं सगळी जळकी तार काढली, खाचा साफ केल्या आणि पुन्हा भरायला घेतली. या वेळी ती मध्येच थांबायची, तार सोडून द्यायची, परत बसवायची. घाई नव्हती. मोटर पाण्यावर गेली. एक दिवस चालली, दुसरा चालला, तिसरा पण चालला. गावात लोक म्हणाले, चाचांनीच बसून भरली असणार.

चौथ्या दिवशी, शनिवारी, ती जळाली. आणि रविवारी महिनाअखेर म्हणून आसिफ मित्राचा टेम्पो घेऊन आला.

म्हणजे सगळ्यांनी एकदमच यायचं ठरवलं होतं. दारात टेम्पो. त्याच्यामागं आबासाहेबांची पिकअप, मोटर उचलून करमाळ्याला न्यायला. दुकानात जमिनीवर ती मोटर उघडी पडलेली आणि अनिसा तिच्यात तोंड घालून बसलेली. मी चप्पल घालून बाहेर आलो. मला वाटलं, संपलं आता.

“झालं न्हवं?” आसिफ म्हणाला. रागानं नव्हे, दमून. रात्रपाळी करून आला होता. “ऊठ. सामान भरू या.”

“थांबा जरा,” अनिसा म्हणाली. तिनं सासऱ्याचा हात धरून मोटरीच्या आत नेला. “अब्बा, हितं हात लावा. आता हितं. कळतंय का?”

चाचांची बोटं खाचाखाचांतून फिरली. एकदा फिरली, पुन्हा फिरली. मग एका जागी थांबली.

“तार सगळी शाबूत हाय,” ते हळूच म्हणाले. “फकस्त जोड जळलाय.”

“व्हय. जोड झाकायची नळी तोकडी पडली माझी. बाकी काय नाही झालं.” ती आबासाहेबांकडं वळली. इतक्या दिवसांत त्यांच्याशी थेट बोलायची ही तिची पहिलीच वेळ. “आबा, पयली किती येळ चालली हुती?”

“दोन तास,” आबासाहेब गुरगुरले.

“आन् ही?”

आबासाहेबांनी उत्तर द्यायला वेळ लावला. शेतकरी माणूस, हिशेब त्यांच्या लक्षात आला होता, पण तोंडातून निघत नव्हता. “तीन दिस,” ते शेवटी म्हणाले.

“परवा दुपारी न्या,” अनिसा म्हणाली.

तिच्या आवाजात विनवणी नव्हती, तोराही नव्हता. समराला ‘अंघोळ करून घे’ म्हणताना तिचा जसा आवाज असतो, तसा होता. आबासाहेबांनी मोटरीकडं बघितलं, चाचांकडं बघितलं. पिकअपच्या ड्रायव्हरला हातानं परत फिरायची खूण केली आणि दुकानाच्या पायरीवर बसून पाणी मागितलं.

आसिफ टेम्पोला टेकून उभा होता. तो बायकोकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नातही बघितलं नव्हतं. टेम्पोत एवढा वेळ कुणी काही ठेवलं नव्हतं. संध्याकाळी तो मित्राचा टेम्पो रिकामाच घेऊन गेला. खोलीवाल्याला काय सांगायचं ते सांगतो म्हणाला.

मंगळवारी दुपारी मोटर पाण्यावर गेली. तिसरी खेप. दुकानात दुसऱ्या दोन मोटरी आल्या होत्या, त्या अनिसानं भरायला घेतल्या, पण रस्त्यावरून आबासाहेबांच्या गाडीचा आवाज आला की हात थांबायचे. गाडी पुढं निघून गेली की परत चालू. दोन तास गेले, तीन दिवस गेले. मीही मोजत होतो. देवळात कधी न जाणारा मी, सकाळी उठून आधी केळीच्या दिशेला धूर आहे का बघत होतो.

पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी तिनं मला हाक मारली. “गुरुजी, अब्बाला घेऊन आबांच्या शेतापर्यंत येता का?”

गेलो. आबासाहेबांच्या केळीच्या कडेला हौद आहे, पाण्यावरून येणारा पाइप त्यात पडतो. दंडाएवढी जाड धार पडत होती आणि तिच्या आवाजात बोलणं जेमतेम ऐकू येत होतं. चाचांना काठावर उभं केलं. त्यांना नुसता उजेड हलताना दिसत असणार. अनिसानं त्यांची काठी माझ्या हातात दिली, बाही वर सारली आणि त्यांचा हात धरून धारेत घातला.

पाण्यानं हात खाली ढकलला, तिनं तो परत वर धरला. चाचांचा शर्ट भिजला, दाढी भिजली.

“अब्बा,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली, “आज नववा दिवस हाय.”

चाचांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं, कारण मला स्वतःला रडू फुटत होतं आणि आबासाहेब शेजारीच उभे होते.

“माजी आठव्या दिशी जळली हुती,” चाचा मोठ्यानं म्हणाले. आबासाहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि त्यांनी हात धारेतून काढला नाही.